पश्चिमेची काच

दिनकर गेल्याची बातमी मला ज्या गृहस्थाने फोनवर दिली, त्याने पुढच्याच वाक्यात स्वतःच्या बंगल्याच्या नकाशाचं आता काय होणार, असं विचारलं. मी शिरवळला एका गोदामाच्या कामावर होतो. सांगलीला पोचेपर्यंत तसेच आणखी चार फोन आले. आमची गिऱ्हाइकं दुःखसुद्धा स्क्वेअर फुटात मोजतात... असो.

दिनकर, मी आणि एक ड्राफ्ट्समन, एवढंच आमचं आर्किटेक्टचं ऑफिस. नवा प्लॉट आला की दिनकर घडीची लोखंडी खुर्ची घेऊन तिथे सकाळपासून मावळतीपर्यंत बसायचा. ऊन कुठून येतं, वारा कुठे अडतो, ते वहीत टिपायचा. त्याआधी कागदावर रेघ ओढायची नाही. लोकांना हवा असायचा मोबाइलमधला फोटो, मेव्हण्याने पुण्यात बांधलंय अगदी तसं. ते त्याला हसायचे. मीही हसायचो, कारण त्याच्या या बैठकांपायी हातची कामं जात होती.

कवठे महांकाळच्या एका निवृत्त सुभेदारांना रस्त्याच्या अंगाला, म्हणजे नेमकी पश्चिमेला, दोन मजली काच हवी होती. त्यांच्या माळावर दिवसभर बसून आलेला दिनकर म्हणाला, "आवं सुभेदार, दुपारपास्नं ऊन तिकडंच हाय. घराची भट्टी हुईल." सुभेदार तोंड पाडून उठले. मी त्यांना जिन्यात गाठलं आणि सांगितलं, होऊन जाईल. दिनकर गावाला गेला तेव्हा मी ती काच नकाशात रेखाटून दिली. त्यांना नाव मात्र दिनकरचंच हवं होतं. नकाशाच्या कोपऱ्यात ते मीच लिहिलं.

घर उभं राहिल्यावर त्याने ते रस्त्यावरून पाहिलं. भांडला नाही. "नकाशावरचं माझं नाव तेवढं पुसून टाक," एवढंच म्हणाला. मी हो म्हटलं, आणि विसरलो. खरं तर विसरलोही नाही, टाळलं.

शोकसभेला सगळे जमले. त्याच्या खिडक्या वास्तुशास्त्राच्या नावाने बुजवणारे, त्याच्या ओसरीत दुकानगाळे काढणारे. तेच त्याच्या सौंदर्यदृष्टीवर बोलत होते. शेवटी सुभेदार उठले. "सायबांनी आमाला लय भारी काचंचं घर दिलं. आता काचंखाली त्येंच्या नावाची दगडी पाटी लावतोय." शोकसभेत टाळ्या वाजवणारी माणसं मी त्या दिवशी पाहिली. उन्हाळाभर सुभेदारांचं कुटुंब त्या घरात नाही, मागच्या लिंबाखाली राहतं, हे कुणी बोललं नाही. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी दिनकरच्या साधेपणावर बोललो आणि खाली बसलो.

खुर्ची ऑफिसात दाराजवळच आहे, पायांना अजून कुठल्यातरी माळाची माती आहे. काल सुभेदारांनी पाटीचा मजकूर मोबाइलवर तपासायला पाठवला. तो वाचायला मी पहिल्यांदाच त्या खुर्चीत बसलो. कलतं ऊन गुडघ्यापर्यंत आलं, मग छातीवर आलं... मी 'बरोबर आहे' असं कळवलं आणि खुर्ची मिटून ठेवली.