हजेरी घेणारं मशीन

अ‍ॅस्टोरिया गावात शनिवारी सकाळच्या धुक्यात कॉफी भाजल्याचा वास आला, की नदीकडची माणसं समजून जायची: रॉय निएमेलाचं गॅरेज उघडलं. मासेमारीच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात रॉयची हयात गेली होती. निवृत्त झाल्यावर त्यानं चर्चची कॉफी अंगावर घेतली. तळघरात जमणारी फिनिश म्हातारी मंडळी प्रवचनाला पेंगायची, पण रॉयच्या कॉफीला टक्क जागी.

त्याचं बिया भाजायचं जुनं मशीन म्हणजे नुसतं धूड. खडखडाट असा की शेजारचा कुत्रा भुंकून दमायचा. आत डोकवायला काच नाही, धुराला वाट नाही, बियांची फोलपटं पडायची तीही थेट तापलेल्या सळीवर. रॉय कान लावून बसायचा आणि बिया तडतडल्या की बायकोला बोट दाखवायचा. "ऐक मार्लिस, बोलायला लागल्या!"

एका शनिवारी बिया बोलल्या, करपल्या, फोलपटांनी पेट घेतला, आणि रॉय मागच्या फाटकाची कडी बसवत होता. मार्लिसनं कॉफीचं रिकामं गोणपाट ओलं करून मशीनवर टाकलं. धूर बघून रॉय धावत आला. हातात अजून स्क्रूड्रायव्हर.

"अगं, हे कोणी लावलं होतं?"

मार्लिसनं वळून पाहिलं. हा माणूस चेष्टा करत नव्हता.

पोर्टलँडहून मुलगी आली ती नवं मशीन घेऊनच. कर्स्टन बोलायला लागली की रॉय हाताची घडी घालून उभा राहायचा, तसा तो राहिला.

"बाबा, हे बघा. आत दिवा, दाराला काच. धूर आतल्या आत जिरतो, फोलपटं या वेगळ्या ट्रेमध्ये पडतात. आणि मध्येच हे बटण लुकलुकायला लागेल. तेव्हा दाबायचं. नाही दाबलं, तर जवळ कोणी नाही असं समजून मशीन आच बंद करतं आणि बिया गार करतं."

"म्हणजे हजेरी घेतंय की हे! शाळेतल्या बाईंसारखं."

"घेतंच. आणि बटणावर चिकटपट्टी लावायची नाही हं. आधीच्या मशीनना लोक लावायचे, म्हणून यात दाबून धरलेलं बटण मोजतच नाहीत. लुकलुकल्यावर दाबलं तरच खरं."

"मी कशाला लावीन चिकटपट्टी?"

"कारण तुम्ही रॉय निएमेला आहात!"

तिघंही हसली. पण गाडीत बसताना कर्स्टन आईच्या कानाशी लागली. "आई, पुन्हा काही गडबड झाली तर मशीन मी परत नेणार. भाजणं बंद. आत्ताच सांगून ठेवते."

मार्लिसनं मान हलवली. गाडी चालवणं गेलं होतं, पत्त्यांचा डाव गेला होता. आता शनिवारही गेला तर रॉयजवळ उरणार काय?

नवं मशीन इतकं शांत, की तडतड स्वयंपाकघरातही ऐकू यायची. पण शांततेत रॉयचं मन दुसरीकडेच तरंगत जायचं. पहिल्याच खेपेला बटण लुकलुकून थकलं, आच बंद झाली आणि बिया अर्ध्याकच्च्या राहिल्या. रविवारच्या कॉफीला उकळलेल्या गवताची चव आली.

"रॉय, ही गाईला दिलीस तर दूध वाढेल बघ," तळघरातल्या मंडळींतला एल्मर कँगस म्हणाला.

सगळे हसले, रॉयही. कानांच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या.

पुढच्या शनिवारपासून मार्लिसला गॅरेजात काही ना काही काम निघायला लागलं. कधी वेलदोड्याचा पाव आणून दे, कधी झाडूच शोध. बटण लुकलुकलं की ती रॉयच्या पाठीमागून अलगद हात घालून ते दाबायची आणि झाडू घेऊन निघून जायची. कॉफी पुन्हा फक्कड व्हायला लागली. एल्मर दुसरा कप मागायला लागला.

मग एका शनिवारी मार्लिसच्या सीसाइड गावातल्या बहिणीचा पाय मुरगळला. तिकडे निघताना तिनं दारातून बजावलं, "मी येईपर्यंत लावू नकोस हं."

"नाही गं बाई. जा तू."

ती परतली तेव्हा गल्लीतच हिरवट वास आला. गॅरेजात रॉय मशीनसमोर वाकून उभा होता. बटणावर अंगठा. अंगठ्याचं टोक पांढरंफटक पडलेलं. काचेआड अर्ध्याकच्च्या, गवती रंगाच्या बिया गार वाऱ्यात फिरत होत्या.

"रॉय, हात काढ."

"विसरू नये म्हणून पहिल्यापासून दाबून धरलंय. हललो नाही गं मी. आणि हे म्हणतंय, मी नाहीच इथे." त्यानं अंगठा आणखी दाबला. "मी होतो मार्लिस. सगळा वेळ इथेच होतो."

"माहितीये मला. काढ हात."

तिनं त्याचा अंगठा सोडवून आपल्या मुठीत धरला. थंडगार होता.

"तुझा हात मागून यायचा ना," तो काचेकडे बघत म्हणाला, "आतल्या दिव्यानं दिसायचा मला. मीच म्हटलं, बघू, आज आपलं आपल्याला जमतं का."

"मग बोलला का नाहीस रे?"

"बोललो असतो तर तू यायची थांबली असतीस." त्यानं मान वर केली. "कर्स्टनला सांगशील?"

"पेटलं काय आहे सांगायला? गवत तर झालंय."

तो हसला नाही. तिनं त्या बिया बागेत नेऊन ओतल्या. मग स्वयंपाकघरातली खुर्ची ओढत आणली आणि त्याच्या खुर्चीला चिकटवून मांडली. नवीन बिया भरल्या. तडतड सुरू झाल्यावर रॉयनं बोट वर केलं, "बोलायला लागल्या." बटण लुकलुकलं. तो त्याच्याकडे बघत राहिला, दुसऱ्याच कुणाची तरी वस्तू असावी तसा. या वेळी मार्लिसनं मागून नाही, समोरून, त्याच्या देखत हात पुढे केला.

रविवारी तळघरात एल्मरनं कप उचलला. "रॉय, आज तर कमाल केलीस लेका!"

"मी कुठे? मार्लिस भाजते कॉफी," रॉय म्हणाला.

"हो का? कधीपासून?"

रॉयनं तिच्याकडे पाहिलं, तिलाच विचारावं तसं.

तो हे मोठ्या मनानं म्हणाला, की त्याला खरंच तसं वाटत होतं? मार्लिसनं त्याच्या डोळ्यांत निरखून पाहिलं. कळेना. मग तिनं किटली उचलली आणि कोणी मागितली नसतानाही सगळ्यांचे कप भरत सुटली.