पाणी बघून निवडलेलं कॉलेज

मुरुडच्या बाजारात गुरुपादप्पांचं दोर, पोहरे, घागरी आणि बादल्यांचं दुकान होतं. गिऱ्हाईक किती हात दोर मागतंय, यावरून त्याच्या गावची विहीर किती खाली गेली ते गुरुपादप्पांना बसल्या जागी कळायचं. लातूर जिल्हा झाला, कलेक्टर आला, साहेबांच्या जीपगाड्या मुरुडवरून धुरळा उडवत जाऊ लागल्या. पाऊस तेवढा नव्या जिल्ह्यात बदली घ्यायला तयार नव्हता. दुष्काळात गुरुपादप्पांचा धंदा चांगला चालला होता, आणि त्याचाच त्यांना वीट आला होता. दोर मोजून देताना ते गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत नसत.

त्या भागात सोयरीक जुळवताना घराणं मागून बघतात, आधी गावचं पाणी बघतात. जन्मभर डोक्यावर घागरी वाहायला पोटची पोर कोण देईल? मुलीकडची मंडळी स्थळ बघायला निघाली की गुरुपादप्पांना हटकून सोबत नेत. बाकीचे पोहे खात बसत. हे मागच्या दारानं बाहेर पडत, विहिरीत डोकावत, आडावरच्या बायकांना दोन गोष्टी विचारत आणि परत येऊन नुसती मान हलवत. ती आडवी हलली की बोलणी तिथंच मोडत. आपल्या दोन्ही थोरल्या मुली त्यांनी अशाच पाणी बघून दिल्या, आणि दोघी सुखात होत्या. माणूस एका गोष्टीत चारदा खरा ठरला, की त्याला वाटायला लागतं, आपल्याला सगळंच कळतं.

धाकटी महानंदा लातूरला मावशीकडे राहून बारावी झाली. नव्या जिल्ह्याबरोबर आलेल्या साहेबलोकांनी तिथं हौसेनं एक नाटक बसवलं होतं, त्यात हिला लहानसं काम मिळालं. त्या दिवसापासून पोरगी घरात असून घरात नव्हती. बारावीचा निकाल लागला आणि तिनं सांगून टाकलं, "अप्पा, मला नाटकाची डिग्री करायचीय."

"नाटकाची बी डिग्री असतीय?"

"असतीय की. उभं कसं ऱ्हावं, बोलावं कसं, दिवे कुठं लावावं, आख्खं नाटक कसं बसवावं, समदं शिकवतेत."

महानंदाच्या आईनं, पार्वतम्मांनी, कपाळाला हात लावला. "आधीच दुष्काळ, त्यात हा तेरावा महिना! अवो, लोक तोंडात शेण घालतील आपल्या."

गुरुपादप्पा एवढे थकले होते की नाही म्हणायलाही अंगात जोर नव्हता. शिवाय या शेंडेफळाला त्यांनी आजवर कधी नाही म्हटलं नव्हतं. "बघून येतो," एवढंच ते म्हणाले. महानंदाला सोबत जायचं होतं, पण स्थळ बघायला मुलीला नेत नाहीत, तसं तिलाही नेलं नाही.

औरंगाबादला एका कॉलेजात नाट्यशास्त्राचा विभाग होता. दिवसभर एस.टी.त अंग खिळखिळं करून घेऊन गुरुपादप्पा तिथं पोचले. विभागाचे प्रमुख, श्रीमंत आडनावाचे सर, त्यांना थेट तालमीच्या हॉलमध्ये घेऊन गेले. एक मुलगी शिडीवर चढून दिवा बांधत होती. खाली एक मुलगा एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, आणि सर त्याला दर वेळी अडवत होते. गुरुपादप्पा भिंतीला टेकून बघत राहिले. खरं सांगायचं तर त्यांना मजा वाटली. पोराचं वाक्य एकदाचं जमलं, तेव्हा त्यांच्याच छातीतून सुस्कारा निघाला. पण मग ते सवयीनं मागच्या दारानं बाहेर पडले, आणि मुलींच्या वसतिगृहापुढं त्यांना रिकाम्या बादल्यांची रांग दिसली.

"सर, पाणी कसं हाय हितं?"

"यंदा टँकरवर आहे, एक दिवसाआड," सर म्हणाले. "पण काका, काम बघितलंत ना आमचं?"

गुरुपादप्पांची मान आडवी हलली. सर वैतागून हसले. "काका, तुम्ही पोरगी शिकवायला आलात का द्यायला?"

"दोन्हीला पाणी लागतंच की, सर."

मग ते नांदेडला गेले. तिथल्या एका कॉलेजात बी.ए.ला नाटक हा विषय असल्याचं कुणीतरी सांगितलं होतं. वसतिगृहाचे नळ धो धो वाहत होते, वरची टाकी भरून पाणी भिंतीवरून ओघळत होतं. गुरुपादप्पांनी तोंड धुतलं, मान भिजवली, ओंजळीनं पोटभर प्याले. डोळे मिटून ते नळापाशी तसेच उभे राहिले. किती दिवसांनी जिवाला बरं वाटलं होतं! ऑफिसातल्या कारकुनानं सांगितलं, "नाटक हाय की काका. शंभर मार्काचं हाय." गुरुपादप्पांची मान उभी हलली.

"तालमीचा हॉल बघितला का, अप्पा?" घरी आल्यावर महानंदानं विचारलं.

"समदं बघून आलो," ते म्हणाले. एवढं एकच ते खोटं बोलले. पोरीनं विश्वास ठेवला. अप्पांच्या नजरेवर सारं मुरुड विश्वास ठेवत होतं, ती का नाही ठेवणार?

दिवाळीला ती आली तेव्हा अंगानं भरली होती, केस चमकत होते. पार्वतम्मांचा जीव थंडावला. नाटकाचं कुणी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाला गुरुपादप्पा दुकानाच्या मालासाठी नांदेडला गेले, आणि तिला न कळवता वर्गाच्या दारात जाऊन उभे राहिले. एक बाई खुर्चीत बसून नाटकाचा अर्थ सांगत होत्या आणि पोरी खाली माना घालून तो उतरवून घेत होत्या. तास संपेपर्यंत कुणी जागचं उठलं नाही.

"नाटक करता कुठं तुमी?" बाहेर आल्यावर त्यांनी मुलीला विचारलं.

"करत न्हाईत, अप्पा. वाचतेत."

"पुढच्या सालाला?"

"तवा बी न्हाई. शेवटच्या सालाला नाटक बसवण्यावर एक पेपर हाय. लेखी."

तिनं हे अगदी सरळपणे सांगितलं. गुरुपादप्पा मुरुडला परतलेच नाहीत. माल तसाच टाकून त्यांनी औरंगाबादची गाडी धरली, श्रीमंत सरांपुढं हात जोडले. "चूक झाली, सर. मी नळ बघितलं, पोरगी बघितली न्हाई." सरांनी आधी चहा मागवला. मग म्हणाले, जूनमध्ये घेऊन या, मात्र पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागेल.

त्याच पावली, न झोपता, गुरुपादप्पा पुन्हा नांदेडला आले. इतक्या वर्षांत त्यांना एवढ्या घाईत कुणी पाहिलं नव्हतं. "महानंदे, जमलं बघ! जूनला तुला तिकडं नेऊन घालतो. एक साल गेलं तर गेलं. आईला मी समजावतो."

महानंदानं त्यांच्या धोतराला लागलेली धूळ झटकली. "बसा, अप्पा. लई दमलात तुमी."

"जायाचं ना?"

"नको, अप्पा."

"माझ्यावर राग हाय का, माय?"

"राग न्हाई ओ." ती थोडा वेळ विचार करत राहिली, जणू हरवलेली वस्तू कुठं ठेवली ते आठवून बघत होती. "पहिलं पहिलं लई वाटायचं. रात रात झोप यायची न्हाई. मग हळूहळू कमी झालं. आता काय वाटतच न्हाई बघा. बी.ए. झालं की बी.एड. करावं म्हणते."

गुरुपादप्पा तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ती रडली असती, भांडली असती, तुमच्यामुळं माझं वाटोळं झालं म्हणाली असती, तर त्यांनी तिला उचलून औरंगाबादला नेलं असतं. पण ती त्यांच्यासाठी शांतपणे चहा आणायला निघाली होती, आणि जे बोलली ते खरं बोलली होती.