प्रत माहितीसाठी

महाविद्यालयाच्या ट्रेनिंग किचनमध्ये मूल्यांकन समिती उभी होती आणि अध्यक्षबाईंच्या हातात मी लिहिलेला अर्ज होता. ओट्यावर तांब्यापितळेचे टोप ओळीने मांडलेले होते. गॅस जोडलेला होता. भिंतीला कढया आणि पळ्या टांगल्या होत्या.

"अर्जात म्हटले आहे की किचनला तीन वर्षे कुलूप आहे आणि आत एक भांडेही नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या. "मग हे काय आहे?"

त्यांनी प्रश्न पालकांच्या रांगेकडे पाहून विचारला. त्या रांगेत अर्जदार मुलीच्या वडिलांशेजारी मी बसलो होतो. डिचोलीच्या मामलेदार कचेरीसमोर माझी सव्वीस वर्षे लोकांचे अर्ज लिहिण्यात गेली. शिक्षण नववीपर्यंतचे असले, तरी माझा मसुदा कोणत्याही कार्यालयातून परत आलेला नाही.

पंधरा दिवसांपूर्वी लाटंबार्सेचे उल्हास गावस आपल्या मुलीला, स्नेहलला, घेऊन माझ्या टेबलाशी आले होते. गावस काजूचे बागायतदार. मुलगी हॉस्पिटॅलिटी आणि टुरिझमच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला. हॉटेलातील स्वयंपाक, खोल्यांची निगा आणि पाहुण्यांची व्यवस्था शिकवणारा हा अभ्यासक्रम आहे. पेडण्यात विमानतळ झाल्यापासून आमच्याकडच्या मुलांचा त्याकडे ओढा आहे. स्नेहल तिथल्याच एका हॉटेलात मुलाखतीला गेली होती. तिला ओव्हन लावून दाखवायला सांगितले. तिने ओव्हन फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिला होता. तिला परत पाठवण्यात आले.

आता विद्यापीठाची मूल्यांकन समिती येणार होती. अभ्यासक्रम कागदावर आहे तसा प्रत्यक्षात शिकवला जातो की नाही, हे अशी समिती पाहते आणि तो पुढे चालू ठेवावा की बंद करावा, हे ठरवते. स्नेहलची अडचण दुहेरी होती. समितीने सर्व ठीक म्हटले, तर तिला काही न शिकता पदवी मिळणार होती. बंद करा म्हटले, तर तिची आणि वर्गातल्या सर्वांची तीन वर्षे वाया जाणार होती.

तिने एका पानावर स्वतःच मजकूर लिहून आणला होता. कोणते प्रॅक्टिकल झाले नाही त्याची यादी, आणि शेवटी एक वाक्य : कोर्स बंद करू नका, आम्हाला शिकवा. मला ते पान फार उघडे वाटले. मी त्याचा चार पानांचा अर्ज केला आणि प्रथेप्रमाणे तळाशी 'प्रत माहितीसाठी' अशी यादी जोडली. आपला अर्ज कोणाकोणाला पाठवला, ते या यादीवरून कळते. माझ्या यादीत नऊ नावे होती. पहिले नाव प्राचार्यांचे होते.

"काका, प्रिन्सिपलाक प्रत कित्याक?" स्नेहलने विचारले.

पाठीमागून केलेल्या अर्जाला वजन नसते, असे मी तिला समजावले. गावस म्हणाले, "भाऊंक कळटा गो. तू सही कर." सर्व प्रती मी स्वतः रजिस्टर पोस्टाने पाठवल्या. परिणाम माझ्यासमोर ओट्यावर मांडलेला होता.

प्राचार्यांनी शांतपणे सांगितले की बाहेरची काही अर्धशिक्षित माणसे मुलांना भडकावतात. बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. पाहण्याची गरजही नव्हती.

अध्यक्षबाईंनी स्नेहलला पुढे बोलावले. "इथे तू काय काय केले आहेस, ते सांग."

स्नेहल ओट्यापाशी गेली. सर्वांत मोठ्या टोपाच्या काठावर तिने हात ठेवला आणि तो तिथेच थांबला. मग तिने टोप सावकाश फिरवला. भिंतीकडे असलेली बाजू समितीसमोर आली. आमच्या भागात देवळाला भांडे देताना त्यावर घरच्या गेलेल्या माणसाचे नाव ठोकून घेतात. तिने ते नाव वाचले. "कैलासवासी सत्यभामा गावस यांच्या स्मरणार्थ. मॅडम, ही माझी आजी. हा टोप कॉलेजचा नाही."

माझ्या शेजारी गावस उभे राहिले होते. "आयेच्या नावान मीच देवळाक दिल्लो," ते म्हणाले. आवाज इतका खाली होता की अध्यक्षबाईंना पुन्हा विचारावे लागले.

इतर टोपही फिरवण्यात आले. प्रत्येकावर लाटंबार्सेच्या कोणा ना कोणा मृताचे नाव होते. देवळाची भांडी मागेल त्याला कार्यापुरती देण्याची रीत आहे. महाविद्यालयाने पालक मेळाव्याचे जेवण आहे असे सांगून ती नेली होती. देवळाचा दोष नव्हता.

अध्यक्षबाईंनी माझा अर्ज मिटून फाइलमध्ये ठेवला आणि स्नेहलला विचारले, "तू स्वतः काही लिहिले आहेस का?" तिने ते एक पान पर्समधून काढले. घडीवर ते फाटू लागले होते.

दोन महिन्यांनी निर्णय आला. नवे प्रवेश थांबवण्यात आले. शिकत असलेल्या मुलांची प्रॅक्टिकल दुसऱ्या संस्थेच्या किचनमध्ये पूर्ण करून मगच परीक्षा घ्यावी, असा आदेश झाला. अहवालाला जोडपत्र म्हणून स्नेहलचे पान लावलेले होते. माझ्या चार पानांचा उल्लेख नव्हता. स्नेहल आज पेडण्याच्या त्याच हॉटेलात आहे. तिला घेण्यापूर्वी त्यांनी पुन्हा ओव्हन लावून दाखवायला सांगितले होते.

गावसांनी टोप स्वतः डोक्यावरून देवळात परत नेला. घासून, पुसून, नावाची बाजू पुढे करून ठेवला.

त्या अर्जाची स्थळप्रत, म्हणजे लिहिणाऱ्याकडे राहणारी प्रत, माझ्या कपाटात आहे. हल्ली तळाची यादी लिहिण्याआधी मी अर्जदाराला विचारतो की हे कोणाला आधी कळू नये. बहुतेकांपाशी उत्तर तयार असते. स्नेहलपाशीही होते.