दोन चालींत मात

जुन्या पेपरांच्या गठ्ठ्याचा कुबट वास आला की मला नागभीडच्या रेल्वे क्वार्टरचा व्हरांडा आठवतो. नव्वदच्या दशकात तिथे एक रेल्वेबाबू, आमचे भाऊ, आम्हा शाळकरी मुलींना बुद्धिबळ शिकवत. पेपरातलं कोडं कापून ते वहीत चिकटवत, गजराचं घड्याळ समोर ठेवत आणि सोडवायला दोन मिनिटं देत. चंद्रपूरच्या स्पर्धेसाठी संघात एकच जागा उरली होती आणि ती त्या दिवशीच्या कोड्यावर ठरणार होती: पांढऱ्यानं दोन चालींत मात करायची. माझ्या मैत्रिणीनं चाळीस सेकंदांत वजीर देऊन मात सांगितली. मी मात्र गजर वाजून गेला तरी अकरा मिनिटं पटाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "भाऊ, मात होत नाई. राजा या घरात निसटते." भाऊ चिडले. "काऊन नाई होत? पेपरात छापलं हाये ना! तू विचारच करत बस, तिकडं गाडी सुटून जाईन." जागा मैत्रिणीला मिळाली. संघ चंद्रपूरला गेला त्याच दुपारी पेपरात दिलगिरी आली: राजा निसटत होता त्या घरातलं काळं प्यादं चित्रात छापायचं राहिलं होतं. मी पेपर घेऊन धावत भाऊंकडे गेले. भाऊंनी दिलगिरी दोनदा वाचली. "तू बरोबर होती," ते म्हणाले, "पण अकरा मिन्टं लागली ना बाई तुले. तिथं घड्याळ थांबते का कोणासाठी?" त्यांचा राग मला अजून येतो, कारण त्यांचं हे म्हणणं मला आजवर खोडता आलेलं नाही.