स्टोअरची मांजर आणि न वाचलेला कागद

लष्करी सेवेतली शेवटची पोस्टिंग मला जळगावला मिळाली. काम कॉलेजच्या विद्यार्थ्यांना ड्रिल शिकवण्याचं आणि स्टोअर सांभाळण्याचं. माझं गाव रावेरजवळ. सतरा वर्षं डोंगरात आणि वाळवंटात काढलेल्या माणसाला घरापासून दीड तासावर नोकरी मिळाली, यापेक्षा जास्त मी काही मागितलं नव्हतं.

दिनक्रम ठरलेला होता. सहाला पी.टी., आठला नाश्ता, नऊला स्टोअर उघडायचं. स्टोअरमध्ये तंबू, सतरंज्या, दोर आणि उंदीर. उंदरांचा बंदोबस्त एक करडी भटकी मांजर करत असे. ती कोणाची नव्हती आणि हात लावू देत नसे. झाडलोट करणाऱ्या सुमनअक्का तिला चपातीचा तुकडा टाकत. अक्का तिला 'स्टोअरवाली' म्हणत.

उन्हाळा सुरू होताना स्टोअरवालीच्या कानांच्या कडा जाड दिसू लागल्या. आठवड्याभरात त्यावर राखाडी खपल्या धरल्या. मग कपाळावरचे केस गेले. दिवसभर ती खाजवायची, रक्त निघेपर्यंत. उंदीर धरणं तिने सोडलं.

सुभेदारसाहेबांनी तिला सतरंज्यांवर बसलेलं पाहिलं.

"भालेराव, सोमवार को इन्स्पेक्शन है."

"जी साहब."

"ये बीमारी बच्चों को लगेगी. ठीक करो, नहीं तो नदी पार छोड़ के आओ."

त्या अवस्थेत गिरणेपलीकडे सोडलेली मांजर किती दिवस जगली असती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. हातात पाच दिवस होते.

ड्रायव्हर म्हणाला, "उस्ताद, गाडीचं जळकं ऑइल चोपडा. आमच्याकडे बैलांना तेच लावतात."

मी हसलो. नोकरीची पहिली सहा वर्षं मी डॉग युनिटमध्ये काढली होती. जनावरांच्या कातडीचं मला कळतं, असा माझा समज होता. म्हटलं, "ऑइल तुझ्या गाडीला ठेव. माझ्याकडे औषध आहे." कुत्र्यांच्या गोचिडांवरचं औषध माझ्या पेटीत होतं. नेहमीचं, ओळखीचं.

बुधवारी साडेअकराला अक्कांनी तिला गोणपाटात धरलं. मी मान आणि कानांवर औषध चोळलं. तिने माझ्या मनगटावर चार ओरखडे काढले. काम फत्ते झालं असं वाटलं.

दुपारी तीनला मी ग्राउंडवर चुन्याच्या रेषा मारत होतो. अक्का धावत आल्या.

"भाऊ, मांजर थरथर कापी ऱ्हायनी! लवकर या!"

मांजर आडवी पडली होती. कान फडफडत होते, पाय ताठ. मी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना फोन लावला.

"काय लावलंत?"

"गोचिडाचं औषध. कुत्र्याचं."

"बाटली समोर आहे? वाचा."

मी बाटलीवरचा कागद वाचला. शेवटच्या ओळीत, बारीक अक्षरात, लिहिलं होतं: मांजरांसाठी वापरू नये.

डॉक्टरबाई भराभर सांगू लागल्या.

"भांडी घासायचा साबण आणि कोमट पाणी. पूर्ण धुवा. चाटू देऊ नका. टॉवेलात गुंडाळून लगेच आणा."

बादली घेऊन धावलो. अक्कांनी डोकं धरलं, मी साबण लावला. मागचे पाय आवरेनात. तेवढ्यात दोन हात पुढे आले आणि त्यांनी पाय धरले. सुभेदारसाहेब. बाह्या वर केलेल्या, गुडघे ओल्या फरशीवर.

"पानी डालो, भालेराव. बाद में सोचना."

तीन चाळीसला त्यांची जीप दवाखान्याच्या दारात होती. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, सलाईन लावली. मी बाकावर बसलो आणि मला भिला आठवला.

नायक भिला धुळ्याकडचा. डॉग युनिटमध्ये माझा जोडीदार. दहावी पास, पण इंग्रजीशी त्याचं जमत नसे. माझ्या घराण्यात मी पहिला पदवीधर, आणि याचा अभिमान माझ्यापेक्षा त्यालाच जास्त. कुत्र्याचं कोणतंही नवं औषध आलं की तो बाटलीचा कागद माझ्यापुढे धरायचा.

"तू बी.ए. शे ना? मंग वाच."

मी वाचायचो. तो म्हणायचा, "आखो एकदाव. बठ्ठं." दुसऱ्यांदा सगळं वाचून झाल्याशिवाय तो झाकण उघडत नसे. मी वैतागायचो.

मांजर दोन दिवस दवाखान्यात राहिली. शुक्रवारी सकाळी ती स्वतःच्या पायावर उभी राहिली आणि डॉक्टरांना चावली. डॉक्टर म्हणाल्या, "आता घेऊन जा." खपलीचा कण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यांनी मला किडे दाखवले. खरूजच होती. मांजरांसाठीचं औषध त्यांनी तिचं वजन करून मानेवर टाकलं, पुन्हा दोन आठवड्यांनी बोलावलं. सतरंज्या आम्ही उकळत्या पाण्यातून काढून उन्हात टाकल्या. माझ्याही हातावर पुरळ आलं. अक्का म्हणाल्या, "तुमलेबी सोडी येऊ का नदीपार?"

सोमवारी इन्स्पेक्शनला आलेले कर्नलसाहेब स्टोअरच्या कोपऱ्यात मांजरीच्या पिंजऱ्यासमोर थांबले.

"ये क्या है?"

"स्टोअर स्टाफ, सर," सुभेदारसाहेब म्हणाले. "अंडर ट्रीटमेंट."

कर्नलसाहेब पुढे गेले.

महिना-दीड महिन्यात कपाळावर नवे केस आले. उंदीर कमी झाले. मी निवृत्त झालो त्या दिवशी ती सतरंज्यांच्या ढिगावर झोपलेली होती.

डॉग युनिटच्या त्या दिवसांतच भिला डोंगरातल्या एका गस्तीवर गेला तो परतला नाही. पुढे सुरुंग होता. त्याची कुत्री जखमी होऊन परत आली. तिच्या जखमेवरच्या औषधाचा कागद मी दोनदा वाचला होता. पूर्ण. त्यानंतर कोणी वाचायला सांगणारं उरलं नाही, आणि माझी सवय सुटली.

आता घरी कोणतीही बाटली आली, पिकावरच्या फवारणीची असो की आईच्या खोकल्याची, मी कागद उलगडतो आणि मोठ्याने वाचतो. एकदा झालं की थांबतो. मग आखो एकदाव.