भूकंपाचा सराव

आमच्या वडिलांचा सरावावर फार विश्वास. ते मुखेडला शाळेत विज्ञान शिकवत, आणि जगातलं कुठलंही दुखणं तीन सराव परीक्षांत बरं होतं असं त्यांचं ठाम मत होतं. हे मत त्यांच्या एकट्याचं असतं तर मी काही बोललो नसतो. पण तेव्हा अख्खं लातूर त्याच मतावर पोट भरत होतं. गल्लोगल्ली क्लास, क्लासच्या भिंतीवर पहिल्या आलेल्यांचे घाबरलेले फोटो, आणि मागच्या घरांमधून खोल्या करून राहिलेली आमच्यासारखी पोरं. पोराबरोबर आई यायची, स्टोव्ह आणि तवा घेऊन. वडील गावी नोकरी करायचे आणि शनिवारी एसटीने येऊन चाचणीचे मार्क बघायचे. याला सगळे शिक्षण म्हणत.

आमची खोली तळमजल्यावर होती. मी आत झोपायचो आणि आई दारापुढे अंगणात. तिचं माहेर भूकंपात गेलं होतं. आई, बाप आणि धाकटा भाऊ, तिघं एकाच माळवदाच्या मातीच्या छताखाली सापडले. तेव्हापासून मुखेडला काय नि लातूरला काय, ती घरात झोपत नसे. थंडीत वाकळ पांघरून, पावसाळ्यात घरमालकाच्या स्कूटरशेजारी पत्र्याखाली. वर्गातल्या मुलांना मी सांगायचो की तिला आत कोंदटल्यासारखं होतं. खरं कारण सांगायची मला लाज वाटायची. पदवीधर माणसाची बायको आणि होणाऱ्या डॉक्टरची आई इतकी भित्री असावी, याचा मला मनापासून राग होता.

घरमालकाची अडचण वेगळी होती. खोली बघायला येणारे पालक अंगणातली वळकटी बघून, घराला तडे गेलेत का, असं विचारत. हे त्याच्या धंद्याला परवडणारं नव्हतं. स्लॅबमध्ये आपण किती लोखंड घातलं आहे हे त्याने आईला दोनदा समजावून सांगितलं. मग वडिलांना निरोप धाडला की बाई आत झोपतील, नाहीतर महिनाअखेर खोली रिकामी करा. माझी बारावीची परीक्षा तोंडावर आली होती आणि त्या दिवसांत क्लासजवळ खोली मिळणं अशक्य. खोली गेली तर माझं वर्ष जाणार, असं सगळे म्हणत होते. सगळ्यात जास्त मीच म्हणत होतो.

वडिलांच्या शाळेतले एक शिक्षक सुट्टीत हैदराबादच्या बाजूला सिनेमाच्या सेटांचं एक उद्यान बघून आले होते. तिथे म्हणे एका खोलीत बसवून भूकंप दाखवतात. झालं. वडिलांना औषध सापडलं. एकदा बसली की घाबरेल, दुसऱ्यांदा कमी घाबरेल, तिसऱ्यांदा भीती मेलेली असेल. मला भौतिकशास्त्राचा पेपर त्यांनी याच रीतीने पाजला होता. आईला फक्त सांगितलं की पोराचं डोकं जरा मोकळं करून आणू.

रात्रीची गाडी धरून सकाळी तिथे पोचलो. आईने तिघांना दिवसभर पुरतील एवढे धपाटे, दही आणि ठेचा बांधून घेतला होता. दारावरचा माणूस म्हणाला, बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही. टाकून देणं आईला मान्य नव्हतं, म्हणून आम्ही फाटकाशीच फतकल मारली आणि दिवसाचं सगळं जेवण सकाळी नऊ वाजता संपवलं. आत जाताना वडिलांना नीट वाकताही येत नव्हतं, तरी त्यांनी खिशातून वही काढली. परत गेल्यावर शाळेत माहिती सांगायची होती.

आत जे होतं त्याला काय म्हणावं? पुढून विलायती गल्ली आणि मागून बांबू. अर्धं विमानतळ. एका बाजूने तुरुंग आणि दुसऱ्या बाजूने दवाखाना असलेली एकच इमारत. आमच्याकडच्या काही इमारतींपेक्षा ती बरी रंगवली होती, एवढं खरं. हजारो माणसं या पोकळ भिंतींपुढे उभी राहून फोटो काढत होती आणि गाइड सांगेल तिथे टाळ्या वाजवत होती. एका देवळापुढे विज्ञान शिकवणाऱ्या आमच्या वडिलांनी चपला काढून हात जोडले. मूर्ती फायबरची आहे हे कळल्यावर, कोणी बघितलं नाही ना, याची खात्री करून त्या परत घातल्या.

दुपारी भूकंपाची रांग लागली. लोक आइस्क्रीम खात उभे होते. आत बाकं होती, अंधार झाला, खालून घरघर आली आणि खोली हलायला लागली. वरून धूळ पडली, एक खांब कलला आणि लोक आनंदाने किंचाळले. वडील समोर बघतच नव्हते. गुडघ्यावर वही धरून ते आईचा चेहरा तपासत होते. ती मांडीवर हात ठेवून बसली होती, एसटीची वाट बघत बसावी तशी. दिवे लागले तेव्हा तिने पदराने माझ्या डोक्यावरची धूळ झटकली, बस.

वडील खूष. लगेच दुसऱ्या खेपेला आम्हाला रांगेत उभं केलं. दुसऱ्यांदाही तेच झालं. बाहेर पडायच्या वाटेवर पडक्या गावाचा देखावा होता, फोटो काढण्यासाठी. मोडक्या भिंती, उलटी बाज आणि दगडांचे ढीग. आईने वाकून एक मोठा दगड उचलला. तो थर्माकोलचा होता. तिने तो हातात तोलला आणि जिथून घेतला होता तिथेच नीट ठेवून दिला.

"बघितलंस?" वडील म्हणाले. "काय होतं भ्यायचं? आता लातूरला गेलो की आत झोपायचं."

तिने नकार दिला. तिसरी खेप करू, वडील म्हणाले. तिने तीही नको म्हटलं. मग वडिलांचा तोल गेला. दोनदा बसलीस, पापणी हलली नाही, म्हणजे भीती नाहीच, सगळा हट्टच आहे, पोराच्या वर्षाचं तुला काही नाही, असं ते चारचौघांत बोलले. मी मान डोलावली. हे मला सांगायलाच हवं, मी मान डोलावली.

आई माझ्याकडे वळली. आवाज चढला नव्हता.

"भ्या न्हाई रे वाटत मला. माझ्या माहेरात समदे आत होते. बाहेर एक माणूस न्हवतं. दुसऱ्या गावचे लोक येऊस्तोवर दुपार झाली, आन् माझा भाऊ तवर बोलत होता म्हणतेत." ती पुढे म्हणाली, "तू आत, मी बी आत. मग तुला काढंल कोण?"

वडिलांनी वही खिशात घातली. बारा वर्षं ही बाई अंगणात झोपत होती आणि आम्हा दोघा शिकलेल्यांनी तिला एकदाही कारण विचारलं नव्हतं. भित्री म्हणून उत्तर लिहून मोकळे झालो होतो.

महिनाअखेर वडिलांनी स्वतः खोली सोडली. क्लासपासून लांब, डाळमिलच्या मागे दुसरी मिळाली. तिथे दिवसभर भुसा उडायचा, पण आई कुठे झोपते याचं कोणाला काही पडलं नव्हतं. अभ्यास संपला की मी दिवा घालवायचो आणि दाराला आतून कडी लावायचो नाही.