आतला कम्प्युटर

"आतला बाहेर काढ बे भाच्या, टेम्पो उभा हाय," मामा आमच्या आडत दुकानात ओरडत होता. त्या आवाजानं तुरीच्या पोत्यांवरच्या चिमण्या उडाल्या त्या थेट परळीला जाऊन बसल्या. शिरूर कासारहून तो गोणी, दोरी आणि टेम्पोत अंथरायला गादी घेऊन आला होता.

घोळ माझ्या वडिलांनी, आप्पांनी घातला होता. अंबाजोगाईच्या धान्याच्या मोंढ्यात फोनच्या तारेतून इंटरनेट पहिल्यांदा उतरलं ते आमच्याच दुकानात, निदान मी तसं सांगायचो. तेव्हा जगभरातले हौशी लोक शास्त्रज्ञांच्या गणिताचा एकेक तुकडा आपल्या मशीनवर फुकट सोडवून परत पाठवायचे. आभाळातून येणाऱ्या रेडिओच्या खरखरीत कुणी परकं बोलतंय का, ते हुडकायचं. मीही एक तुकडा घेतला. विंडोजवर तो चालायचा, पण आप्पा मालाची पट्टी, म्हणजे शेतकऱ्यांचा हिशेब करायला बसले की दोन्ही कामं एकमेकांच्या अंगावर जायची. विंडोज काढून नुसतं लिनक्स टाकलं, तर तुकडा उधळलेल्या घोड्यासारखा पळाला. मात्र आप्पांचं हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडेना आणि आप्पा माझं डोकं उघडायला निघाले. शेवटी विंडोजच्या पोटात नुसत्या सॉफ्टवेअरचं एक नकली मशीन तयार केलं आणि त्यात लिनक्स बसवलं. चाल बैलगाडीची, पण भांडण मिटलं.

"आप्पा, आता एकात दोन कम्प्युटर हायेत," मी म्हणालो. आप्पांनी ते व्यापाऱ्याच्या कानानं ऐकलं आणि एका लग्नाच्या पंगतीत मामाला शब्द देऊन टाकला: दुसरा तुमी न्या.

इकडे तुकडा संपत आला होता. उद्यापर्यंत सुटून परत गेला नाही तर तो दुसऱ्याला मिळणार आणि जगाच्या यादीत आमच्या गावाचं नाव लागायचं राहणार. मी तर मोंढाभर सांगून बसलेलो. माझा पाय एका जागी ठरेना.

"मामा, तो हाताला लागत न्हाई."

"दाजी, पोरगं टाळतंय."

"शब्द दिलाय," आप्पा मला म्हणाले. "काढ."

तेव्हा डोक्यात आलं. नकली मशीन चालू गणितासकट थांबवता येतं आणि त्याची नक्कलही निघते. नक्कल मामाला द्यायची, अस्सल आपल्याकडे ठेवायचं, टेम्पो वळला की परत चालू. नक्कल सीडीवर उतरेस्तोवर मी एवढ्या येरझाऱ्या घातल्या की फरशीला चर पडला.

"घ्या मामा. आतला. गणितासकट."

मामानं सीडीत आपल्या मिशा बघितल्या. "ही चालवायची कशात?"

"कम्प्युटरात," मी बोलून गेलो.

मामानं सीडी आप्पांसमोर धरली. आप्पा पेढीच्या गादीवरून उठले आणि स्वतःच्या हातानं वायरी उपसू लागले. मी मध्ये पडलो, तर मलाच मॉनिटर धरायला लावला. मामानं गोणीवर दोरी आवळली.

टेम्पो दिसेनासा झाल्यावर मी म्हणालो, "आप्पा, दोन्ही गेले की."

"शब्द एकाचा दिलता," आप्पा म्हणाले. "एक जास्तीचा गेला."